बिस्किटांचा कप

मंडळी, दरवर्षी या पानावर मी तोक्योतल्या घरातलं काहीबाही लिहिते. यंदा फुटबॉल. दचकू नका, ऑफसाइड मलाही अजून नीट कळत नाही.

२०२४ साली पाडवा २ नोव्हेंबरला होता, शनिवारी. ओवाळणी सकाळीच उरकली, कारण दुपारी जे-लीग कपचा अंतिम सामना होता आणि लेकाने टीव्ही अडवून ठेवला होता. इथे त्याला म्हणतात रुवान कप. रुवान म्हणजे एक खारं बिस्कीट! स्पर्धा सुरू झाली १९९२ साली. गंमत म्हणजे जे-लीग स्वतः सुरू झाली मे १९९३मध्ये, म्हणजे बारशाआधीच मुंज. तेव्हापासून प्रायोजक एकच, बिस्किटांची कंपनी. आधी नाव होतं नबिस्को कप. २०१६च्या ऑगस्टमध्ये रिट्झ आणि ओरिओ बनवण्याचा तिचा परवाना संपला, कंपनीचं नाव बदललं, आणि ऐन स्पर्धेत कपचंही बदललं. नव्या बिस्किटाचं नाव कपाला दिलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आंबवलेलं पीठ, म्हणजे आपल्या इडलीच्या पिठाचा लांबचा चुलतभाऊ.

मुळात हा अव्वल विभागातल्या क्लबांचा कप. २०२४पासून तिन्ही विभागांतले सगळे ६० क्लब त्यात आले. लीगमध्ये आज हरलात तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. इथे बाद फेरीत हरलात की गाशा गुंडाळायचा.

तर त्या दिवशी समोर होते नागोया ग्रॅम्पस आणि आल्बिरेक्स नीगाता. बाहेर पाऊस. बेल वाजली. शेजारचे आजोबा दारात, गळ्यात नारिंगी टॉवेल, हातात काकिनोताने, म्हणजे तिखट तांदळाच्या कुरकुऱ्यांचं पाकीट. त्यांचा टीव्ही बिघडला होता. (असं ते म्हणाले. आजी नंतर माझ्याकडे बघून हसल्या.) आजोबा नीगाताचे. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी तोक्योला आले, ते इथलेच झाले. नीगाता पहिल्यांदाच या कपच्या अंतिम फेरीत पोहोचलं होतं. संघाच्या शर्टावर कामेदा या नीगाताच्याच कुरकुरेवाल्या कंपनीचं नाव, आणि त्या वेळी तिच्या प्रमुखपदी भारतात जन्मलेले लेखराज जुनेजा. "म्हणजे तुम्हीही आमच्याच बाजूचे," आजोबांनी ठरवून टाकलं.

मध्यंतराला नागोया २-०. आजोबा गप्प. मी चकली पुढे केली, ती हातातच राहिली. मग ७१व्या मिनिटाला नीगाताचा एक गोल. नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर पेनल्टी मिळाली, २-२. आजोबा उठून उभे! जादा वेळेत नागोया पुन्हा पुढे, नीगाताने पुन्हा गाठलं, ३-३. शेवटी पेनल्टी किक. नागोयाच्या पाचही गेल्या. नीगाताची एक चुकली. ५-४. संपलं.

आजोबांनी टॉवेल काढला, चौकोनी घडी केली, मांडीवर ठेवला. माझा लेक एफसी तोक्योवाला, त्याला नीगाताचं काही सोयरसुतक नाही. तोही बोलेना. मग आजोबांनीच विचारलं, "तुमच्या गावाचा संघ कोणता?"

मी शिवाजी पेठेतली, कोल्हापूरची. आमच्याकडे तालमी, म्हणजे कुस्तीचे आखाडे, पण त्यांचे संघ फुटबॉल खेळतात. खंडोबा, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की गलका आमच्या गच्चीपर्यंत यायचा. पेठेतले लोक घरच्या लग्नापेक्षा पेठेच्या पराभवाचं जास्त मनावर घ्यायचे. बाबा अंतिम सामन्याला दुकान अर्ध्या दिवसात बंद करत. आपण हरलो की आमच्याकडे रात्री जेवताना कुणी आवाज काढायचा नाही. हे सगळं मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. पहिलवानांचा फुटबॉल संघ म्हटल्यावर आजोबांना सूमोवाले डोळ्यांसमोर आले असावेत, ते मोठ्याने हसले. चकली खाल्ली.

ते गेल्यावर लेक म्हणाला, "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस." खरंच नव्हतं सांगितलं. त्याच्यासाठी कोल्हापूर म्हणजे आजीचं घर, मे महिन्याचा उकाडा आणि तिखट रस्सा. मला वाटायचं, तोक्योत जन्मलेल्या मुलाला तालमींच्या नावांचं काय!

त्या रात्री आम्ही यूट्यूबवर शाहू स्टेडियमचा एक जुना सामना शोधून काढला. चित्र हलत होतं, समालोचन अस्सल कोल्हापुरी. निम्मे शब्द मलाच भाषांतर करून सांगावे लागले, आणि दोनतीन मी मुद्दाम सांगितले नाहीत. "आपण कोणते?" त्याने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं.

२०२५चा अंतिम सामना १ नोव्हेंबरला होता. दिवाळी त्याआधीच होऊन गेली होती. आजोबांनी आधीच लिफ्टमध्ये विचारलं होतं, चकल्या तोवर उरतील ना?