५८ चे ६६ कसे झाले?

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. बंडाचे निशाण उभारण्यापूर्वी ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करीत होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. त्यांच्या गावी बसून आम्हालाही आज हिशेबाचाच प्रश्न मांडावयाचा आहे.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. निवडणूक आयोगाने संध्याकाळी पाचचा म्हणून दिलेला आकडा ५८.२२ टक्के होता. रात्री साडेअकराला तो ६५.०२ झाला आणि अखेरीस ६६.०५ वर स्थिरावला. राज्यातील मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख. म्हणजे ही वाढ जवळजवळ ७६ लाख मतांची! मोबाइलवर हे आकडे पाहिलेल्या लोकांना निकालानंतर तो मतचोरीचा सज्जड पुरावा वाटू लागला. आमच्या अनेक मित्रांनीही तो तसाच स्वीकारला. आम्ही स्वीकारीत नाही. मात्र आयोगाचा खुलासाही आम्हाला पुरेसा वाटत नाही.

अ‍ॅपवरील आकडा मोजणीचा नसून अंदाजाचा असतो. त्या निवडणुकीत तो केंद्रांवरून दर दोन तासांनी तोंडी, फोनवरून गोळा होत होता. वर पोहोचेपर्यंत तो शिळाच होई. शिवाय मतदान सहापर्यंत होते, आणि सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन त्याचे मत घ्यावेच लागते. राज्यात केंद्रे सुमारे १ लाख. तेव्हा वाढ केंद्रामागे सरासरी ७६ मतांची. दिवसभरात एका केंद्रावर सरासरी ६४० मते, म्हणजे तासाला ५८ पडली. शेवटचा तास, रांग आणि कळविण्यातील दिरंगाई धरली तर ७६ अशक्य नाहीत.

परंतु सरासरीने शंका फिटली असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही नापास केले असते. दरडोई उत्पन्नावरून भूमिहीनाच्या चुलीची वार्ता कळत नाही. एका केंद्रावर शून्य आणि दुसऱ्यावर दीडशे वाढली, तरी सरासरी तीच राहते. खरे उत्तर नमुना १७-सी या कागदात आहे. मतदान संपताच केंद्राध्यक्ष त्यात नोंदलेल्या मतांची एकूण संख्या भरतो आणि प्रत हजर प्रतिनिधींना देतो. उमेदवाराला मिळणारा हा कागद मतदाराला का मिळू नये? मे २०२४ मध्ये ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ऐन निवडणुकीत आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. उलट डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ आकुंचित होऊन केंद्रांवरील चित्रीकरण जनतेच्या नजरेआड गेले. सहानंतरच्या मतांविषयीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. त्याच महिन्यात केंद्राध्यक्षानेच आकडा अ‍ॅपवर भरण्याची पद्धत आयोगाने जाहीर केली. यामुळे दिरंगाई कमी होईल. पण अ‍ॅपवर दिसणार ती टक्केवारीच, मतांची संख्या नव्हे.

आणि विरोधी पक्षांचे काय? किती केंद्रांवर त्यांचा प्रतिनिधी शेवटपर्यंत बसला, किती जणांनी ती प्रत जपून ठेवली? सभेत ७६ लाखांचा घोष करणे सोपे, केंद्रावर सहा वाजून गेल्यावरही थांबणे कंटाळवाणे. ज्यांच्या कपाटात त्या प्रती आहेत, त्यांनी त्या बाहेर काढून नमुना २० मधील केंद्रवार मतमोजणीशी ओळीने ताडून पाहाव्यात.