झाडाच्या जखमेवर डांबर कशाला?

शेळीने झाडाची साल ओरबाडली, की सोसायटीतले एखादे उत्साही गृहस्थ डांबराचा डबा घेऊन धावतात. डांबर नसेल तर ऑइलपेंट, तोही नसेल तर कालवलेलं सिमेंट. उल्हासनगरच्या कॅम्पांत काय आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या वसाहतींत काय, श्रद्धा एकच. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चार महिने धो धो पाऊस, उघड्या लाकडावर बुरशी बसायचीच. हिमालयातलं चीडसुद्धा सोललं गेलं की जखमेवर राळ आणतं, मग आपण लेप दिला तर बिघडलं कुठे? शिवाय ‘आम्ही डांबर लावलं आणि झाड जगलं’ हा हुकमी पुरावा आहेच.

आधी पुराव्याकडे बघू. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीच्या आतल्या थरातून. पाणी वर चढतं ते लाकडातून. साल एकाच बाजूची गेली, तर उरलेल्या सालीवर झाडाचं भागतं. श्रेय डांबराला! बुंध्याभोवतीचं पूर्ण कडं सोललं गेलं, तरी पाणी चालू असल्याने पानं कित्येकदा महिनोन्महिने हिरवी राहतात. खाली मुळं उपाशी मरत असतात. झाड वाळेपर्यंत शेळी आणि डांबर दोन्ही विस्मरणात गेलेली असतात. मग दोष उन्हाला, नाहीतर पालिकेला. डांबर हरणार तरी कधी?

राळेचा दाखलाही इथे लागू नाही. ती जिवंत झाड आतून सोडतं. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवलं, की इजा झालेलं लाकूड झाड दुरुस्त करत नाही. त्याभोवती आतून भिंती घालून कूज कोंडतं आणि कडेने नवी वाढ आणतं. वरचा लेप यातलं काहीच करत नाही. उलट तडकलेल्या डांबरामागे पावसाचं पाणी साचतं आणि बुरशीचं फावतं. बागायतदार मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, ती ठरावीक रोगांपुरती. तिच्याशी माझं भांडण नाही.

मग करायचं काय? साल नुकतीच सुटून ओली लोंबत असेल, तर जागेवर दाबून ओल्या गोणपाटाने बांधा; कधीकधी ती धरते. वाळली असेल, तर धारदार चाकूने फाटक्या कडा जिवंत सालीपर्यंत साफ करा, जखम न वाढवता. उन्हाळ्यात पाणी द्या आणि थांबा. पावसाळ्यानंतर त्याच कडेवर ओठासारखी फुगीर वळी आलेली दिसेल, बोटाला घट्ट लागणारी. पूर्ण कडं गेलं असेल, तर जाणकाराकडून तातडीने सेतूकलम करून घेणं, एवढाच काय तो उपाय.

बाकी डांबराचे पैसे झाडाभोवतीच्या लोखंडी जाळीत घाला. शेळीचं तोंड खोडाला लागणार नाही इतकी ती लांब हवी, आणि खोड जाडावलं की काढायला हवी. नाहीतर लोखंडच सालीत रुततं. जाळी कधी काढायची ते वर्ष तिच्यावरच्या पत्र्यावर रंगवून ठेवा. नगरसेवकाच्या नावाखाली तेवढी जागा निघेल.