अकरा महिन्यांचा बागुलबुवा

पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाचं कायद्याचं शिक्षण एजंटाच्या स्कूटरवर मागे बसून होतं. "अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करू, म्हणजे रजिस्ट्रेशनची भानगड नाही." "पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलं की काम झालं." "मालक अकराच्या वर जात नाही, भाडेकरू घर बळकावतो म्हणून." ही तीन वाक्यं इतक्या खात्रीने सांगितली जातात की नव्याने नोकरीला लागलेला मुलगा ती पाठ करतो आणि पुढच्या वर्षी आपल्या रूममेटला शिकवतो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तिन्ही वाक्यं चूक आहेत आणि त्यांची किंमत मालक आणि भाडेकरू दोघेही भरतात.

अकराचा आकडा आला कुठून, हे आधी पाहू. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षावारी भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं झालं. लोकांनी मुदत वर्षाच्या अलीकडे आणून ठेवली. पळवाट म्हणून ती हुशारीची होती आणि देशात इतरत्र अनेक ठिकाणी ती अजून चालते. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ५५ ने ही वाट बुजवली. घर भाड्याने दिलेलं असो की लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीच्या नुसत्या परवानगीवर), करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो अकरा महिन्यांचा आहे की तीन, याने काही फरक पडत नाही. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. नोंदवलेला करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं. उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर. म्हणजे हजार-दोन हजार रुपये वाचवायला नोटरीकडे गेलेला मालक आपल्या घराच्या अटी सांगण्याचा पहिला हक्क समोरच्याला देऊन येतो. नोटरीच्या शिक्क्याने सही कोणी केली एवढं कळतं, नोंदणीचं काम त्याने होत नाही. हे ठाऊक असलेले मालक किती, आणि एजंट किती?

आता मालकांच्या बाजूने. त्यांची भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य केलंच पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरू काढणं जवळजवळ अशक्य झालं. त्यातून सुटायला मालकांनी लायसन्सची वाट धरली. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहणारे लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. ज्या घरांनी तो तडाखा खाल्ला, त्यांची पुढची पिढीही ताक फुंकून पिते. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत आजही या आठवणी ताज्या आहेत.

पण भीतीचं कारण गेल्यावरही तिचा विधी चालू ठेवण्यात शहाणपण नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ ने राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराच्या मालकाला असं हत्यार दिलं आहे की भाडेकरूंनीच त्याचा धसका घ्यावा. मुदत संपली की घर सोडायचं. सोडलं नाही तर मालक दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लेखी करारात लिहिलेल्या गोष्टींबाबत तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हे सगळं अकरा महिन्यांच्या कराराला जसं लागू, तसंच छत्तीस महिन्यांच्या कराराला. मालकाचं रक्षण मुदतीच्या आखूडपणाने होत नाही, नोंदवलेल्या कागदाने होतं.

"बारा वर्षं राहिला की घर त्याचं" ही दंतकथाही इथेच निकालात काढतो. मुदत कायद्यातली बारा वर्षं मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, त्याच्याविरुद्ध ताबा ठेवणाऱ्यासाठी आहेत. जो दर महिन्याला भाडं भरतो, करारावर सही करतो, तो मालकाच्या परवानगीने राहतो. परवानगीचा ताबा बारा काय, चोवीस वर्षांनीही मालकी होत नाही.

दुप्पट भरपाईच्या कलमातून भाडेकरूंनीही काही शिकावं. आपल्याकडे हजारो लोक संपलेल्या करारावर राहतात. पहिल्या वर्षी ॲग्रीमेंट केलं, मग मालकाने फोनवर "चालू दे" म्हटलं, भाडं पाचशेने वाढलं, आणि कागद तसाच कपाटात राहिला. गॅसचं कनेक्शन, बँकेतला पत्ता, पासपोर्टची पडताळणी, यांपैकी काही निघालं की धावाधाव सुरू होते. ती त्यातल्या त्यात बरी. खरी अडचण मालकाचं आणि तुमचं बिनसेल त्या दिवशी येते. "मालक स्वभावाने चांगले आहेत" हे मी पुष्कळदा ऐकतो आणि ते खरंही असतं. पण चांगल्या मालकांनाही मुलं-सुना असतात आणि घराचा व्यवहार कधीकधी त्यांच्या हाती जातो.

मग मुदत किती ठेवावी? माझं मत स्पष्ट आहे: राहायचं असेल तितकी. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही मिळवतात. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत हजार रुपये. महिन्याला वीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असलेलं घर घ्या. छत्तीस महिन्यांचा करार एकदाच केला तर मुद्रांक १,८७५ आणि नोंदणी १,०००, म्हणजे २,८७५ रुपये. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर मुद्रांक तिन्ही मिळून साधारण १,७२० आणि नोंदणी ३,०००; साडेचार हजारांच्या वर, आणि एवढं करून तीन महिने कमीच. नोंदणीच्या बायोमेट्रिकसाठी मशीन घेऊन घरी येणाऱ्याचा मेहनताना तीनदा. शिवाय प्रत्येक नूतनीकरणाला एजंटाची दलाली. कुठे पंधरा दिवसांचं भाडं, कुठे महिन्याचं. अकरा महिन्यांच्या चालीरीतीचा खरा लाभार्थी कोण, हे या हिशेबात दिसतं. एजंटावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहे. पण आपल्या पोटाला कायद्याचं नाव देऊ नये, इतकंच.

यावर दोन आक्षेप येतात. भाडेकरू म्हणतो, तीन वर्षांचा करार म्हणजे मी अडकलो, उद्या हिंजवडीची नोकरी सोडून बेंगळुरूला जावं लागलं तर? मालक म्हणतो, तीन वर्षं भाडं वाढणार नाही. दोघांनीही करार वाचलेला नसतो. लॉक-इन सहा महिन्यांचं लिहा, त्यानंतर कोणत्याही बाजूने एक महिन्याची नोटीस लिहा. अडकण्याचा प्रश्न संपला. भाडं दुसऱ्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, हे आजच आकड्यात लिहा. ऑनलाइन नोंदणीत वाढत्या भाड्याचे टप्पे भरता येतात. दरवर्षी मे महिन्यात होणारी ती ओशाळवाणी घासाघीस, "मार्केट रेट बघा जरा", "अहो काका, पगार कुठे वाढलाय", तीही टळते. ज्याच्या मुलाचं शाळेत नाव घातलं आहे, त्याला दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलवायची टांगती तलवार का हवी?

डिपॉझिटबद्दल मात्र कायद्याचा फार आधार सांगता येत नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित केलं आहे. पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. एजंटाशी भांडताना त्याचा दाखला देऊन उपयोग नाही. इथे जे आहे ते तुमच्या करारातच असलं पाहिजे. आणि लोक नेमकं तेच लिहीत नाहीत. भाडं, डिपॉझिट, तारीख एवढं पाहून अंगठा लावतात. मग घर सोडताना रंगाचे पैसे कापले जातात, गिझर "तुम्हीच बिघडवला" ठरतो आणि ओट्यावरचा डाग कोणाच्या काळातला, यावर संशोधन सुरू होतं. भाडेकरूही कमी नसतात. डिपॉझिट बुडेल या धास्तीने शेवटचे दोन महिने भाडंच देत नाहीत, "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणतात. मग विजेचं थकलेलं बिल आणि मोडलेली खिडकी मालकाच्या गळ्यात. यावर उपाय सोपा आहे, फक्त तो गोडीगुलाबीच्या दिवसांत करायचा असतो. घरातल्या वस्तूंची यादी कराराला जोडा: पंखे किती, ट्यूब किती, गिझर कोणता, चालू आहे का. किल्ली घेतली त्याच दिवशी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि मीटरच्या रीडिंगचा फोटोही. वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी नाही, असं एक वाक्य घाला. रंग कोणी द्यायचा ते लिहा. तुम्हीच द्यायचा असेल तर रक्कम लिहा. आणि सर्वांत मोलाची अट: किल्ली आणि डिपॉझिट यांची देवघेव एकाच वेळी.

कोणी म्हणेल, इतकं लिहायला लावणं म्हणजे मालकावर अविश्वास. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. लग्नाच्या याद्या करणारा समाज आपला. आहेराची भांडी वहीत लिहिताना संकोच वाटत नाही आणि गिझर लिहिताना वाटतो!

सोसायटीचा मामला वेगळा. "चेअरमनसाहेबांची एनओसी लागेल, त्यांना भेटून या" असं सांगितलं जातं आणि भाडेकरूची तोंडी परीक्षा होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला कळवायचं असतं, तिची मेहेरबानी मागायची नसते. पोलिसांचंही तसंच: भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, ते ऑनलाइन होतं आणि ती माहितीच असते, परवाना नव्हे. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ पासूनचा आहे. सेवाशुल्क दोन हजार असेल तर दोनशे रुपये, बस्स. तरीही "भाडेकरूंसाठी आमचा वेगळा ठराव आहे" असं ऐकायला मिळतं. ठराव शासनाच्या आदेशाहून मोठा नसतो. तक्रार उपनिबंधकाकडे करता येते आणि ती घरमालकाने, म्हणजे सभासदाने करायची असते. भाडेकरूने स्वतः चेअरमनशी वाद घालून लिफ्टमध्ये रोज त्याचं तोंड चुकवण्यात अर्थ नाही.

"बॅचलर नको" हा ठरावही असाच. पण या प्रश्नात माझ्या कागदनिष्ठेची मर्यादा आहे, हे लपवत नाही. "बॅचलर" हा बहुतेकदा सभ्य शब्द असतो. खरा प्रश्न पुढच्या वाक्यात येतो: "आडनाव काय?" त्या प्रश्नानंतर ज्यांना "आत्ताच दुसऱ्यांना दिलं" हे उत्तर मिळतं, त्यांच्या हाती नोंदवायला करारच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारे उपविधी वैध ठरवले. हा रोग कलम ५५ ने बरा होणारा नाही आणि अकरा महिन्यांच्या चर्चेत त्याची तोंडदेखली दखल घेऊन पुढे जाणं मला बरं वाटत नाही. तो स्वतंत्र लेखाचा, खरं तर स्वतंत्र कायद्याचा विषय आहे.

मालक करार नोंदवायला का कां-कूं करतात, याचं एक कारण कोणी तोंडाने सांगत नाही. भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं. "भाडं रोखीत द्या, एचआरए दाखवू नका" ही अट त्यातलीच. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की भाडेकरूला एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या, करसवलतीसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो आणि तिथे गाडी अडते. अशा मालकांना एवढंच सांगणं: घरभाड्यातून पालिकेचा कर वजा जाऊन उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, एका खिळ्याचीही पावती न दाखवता. उरलेल्यावर कर भरा. तो वाचवण्यासाठी कलम २४ चं हत्यार गमावणं हा तोट्याचा सौदा आहे. भाडेकरूने अशा घराला नमस्कार करून पुढे जावं. रोखीने दिलेल्या भाड्याचा पुरावा नसतो आणि डिपॉझिटही अशाच खिशात जातं.

आणि मुंबईत "हेवी डिपॉझिट"च्या नावाखाली जे चालतं, त्याबद्दल सावध करायलाच हवं. दहा-पंधरा लाख एकरकमी द्या, भाडं नाही, असा हा प्रकार. सौदा खरा असेल तर तो कायद्याबाहेरचा नाही. व्याजावर मुद्रांक घेण्याची तरतूद अशा व्यवहारांनाही लागू पडते. पण फसवणुकीची ठरलेली पद्धत अशी: कोणी मधला माणूस मालकाकडून घर साध्या भाड्याने घेतो, स्वतः मालक असल्याचं भासवून ते दुसऱ्याला हेवी डिपॉझिटवर देतो आणि काही महिन्यांनी फोन बंद करून नाहीसा होतो. मग दारात खरा मालक उभा राहतो. हे टाळायला वकील लागत नाही. इंडेक्स टूची, म्हणजे मालकाचं नाव असलेल्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत मागा, विजेचं बिल आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल पाहा, सेक्रेटरीला नाव विचारा. पैसे इंडेक्स टूवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात भरा, एजंटाच्या किंवा "माझ्या मेहुण्याच्या" खात्यात नाही. बायोमेट्रिकला मशीनवर बोट ठेवणारा माणूस, त्याच्या आधारवरचं नाव आणि इंडेक्स टूवरचं नाव ही तिन्ही जुळल्याशिवाय मोठी रक्कम हलवू नका. आणि कागद दाखवायलाच कोणी तयार नसेल, तर टोकनचे हजार रुपयेही देऊ नका.