‘बाबासाहेबांना मुंबईने नाकारले’ : एका सोप्या वाक्याचा अवघड हिशेब

१/ १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून पराभूत झाले. या घटनेवर दर एप्रिलमध्ये आणि दर डिसेंबरमध्ये दोन ठरलेली वाक्ये फिरू लागतात. एक : ‘घटनाकाराला जनतेनेच नाकारले.’ दुसरे : ‘काँग्रेसने कट करून पाडले.’ दोन्ही वाक्यांत प्रत्यक्ष निवडणूक कोठेच नाही. मतदारसंघ कसा आखला होता, मतदाराच्या हाती किती मते होती आणि ती कशी मोजली गेली, हे न विचारता जो निकाल सांगतो तो इतिहास सांगत नाही. आपली बाजू सांगतो.

२/ आरंभ मतदारसंघापासूनच करायला हवा. उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एकच हद्द, एकच मतदारयादी, पण खासदार दोन. त्यांतली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. अशी रचना अपवादात्मक नव्हती. त्या वर्षी लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांत विभागल्या होत्या. त्यांतले ८६ द्विसदस्य होते, आणि बंगालमधला एक तर त्रिसदस्य. आजच्या ‘एक मतदारसंघ, एक खासदार’ या सवयीने १९५२ चे आकडे वाचू लागले की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो.

३/ येथे प्रत्येक मतदाराला दोन मते होती. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा तो नियमच होता. कोणी तसे केलेच, तर एक मत धरायचे आणि दुसरे बाद करायचे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपल्या मतपत्रिका हव्या त्या पेट्यांत टाकायच्या. पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या गिरणी कामगाराच्या हातात दोन कागद आणि समोर पेट्यांची रांग, असे ते दृश्य होते.

४/ मोजणीचा नियम याहून विलक्षण होता. आधी राखीव जागा भरायची : अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून आला. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत जो पहिला, तो दुसरा खासदार. या दुसऱ्या जागेला जातीची अट नव्हती. ती ‘सवर्णांची जागा’ नव्हती, खुली जागा होती. हा फरक पुढे फार महागात पडला. ते पुढे येईलच.

५/ आता निकाल, ठोकळ आकड्यांत. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी सुमारे १ लाख ४९ हजार. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सुमारे १ लाख ३९ हजार ७००. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर सुमारे १ लाख ३८ हजार. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. आंबेडकर सुमारे १ लाख २३ हजार ५००. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे ९६ हजारांच्या पुढे. निवडून आले गांधी आणि काजरोळकर. मेहतांना काजरोळकरांपेक्षा अधिक मते पडूनही मेहता हरले, कारण काजरोळकर राखीव जागेवर आले आणि खुल्या जागेसाठी मेहतांच्या पुढे गांधी होते.

६/ ‘जनतेने नाकारले’ म्हणणाऱ्यांनी या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. सव्वा लाखाच्या घरात मते मिळवणारा उमेदवार ‘नाकारलेला’ कसा? जो पराभव झाला तो साडेचौदा हजारांच्या अंतराने झाला. आणि हे अंतर कोठे तयार झाले, याचे उत्तर त्याच तक्त्यात दडलेले आहे.

७/ मेहता आणि आंबेडकर यांची युती होती. तिचा अर्थ सरळ होता : फेडरेशनच्या मतदाराने दुसरे मत मेहतांना द्यावे आणि समाजवाद्यांच्या मतदाराने दुसरे मत आंबेडकरांना. पण मेहतांची मते आंबेडकरांच्या मतांहून सोळा हजारांनी अधिक आहेत. म्हणजे मेहतांच्या पेटीत एक मतपत्रिका टाकूनही आंबेडकरांच्या पेटीपर्यंत न पोहोचलेले मतदार किमान सोळा हजार तरी होतेच. पराभवाचे अंतर साडेचौदा हजार. मेहतांना मत देणाऱ्या प्रत्येकाने दुसरे मत मित्रपक्षाला दिले असते, तर आंबेडकर काजरोळकरांच्या पुढे असते.

८/ हे एकाच बाजूला घडले असे मात्र समजू नये. गांधी आणि काजरोळकर एकाच पक्षाचे, एकाच प्रचाराचे, एकाच सभेतले. तरीही गांधींना मत देऊन काजरोळकरांना न देणारे मतदार अकरा हजारांहून कमी असू शकत नाहीत. दोन्ही गोटांत दलित उमेदवार आपल्या जोडीदाराच्या मागे आहे. हा योगायोग मानायचा असेल तर मानावा. पण मग दोन वर्षांनी भंडाऱ्यात काय झाले तेही पाहावे.

९/ १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा आंबेडकर आणि अशोक मेहता एकत्र. मेहता खुल्या जागेवरून निवडून आले. आंबेडकर राखीव जागेवर पडले; ती काँग्रेसच्या बोरकरांना मिळाली. जोडीतला एक तरतो आणि दुसरा बुडतो, तेव्हा सारा दोष ‘विरोधकांच्या कटा’वर टाकता येत नाही. मित्रांच्या हातातले दुसरे मतही तपासावे लागते.

१०/ कटाची गोष्ट सांगणाऱ्यांकडे काहीच पुरावा नाही, असेही नाही. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आरोप आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिकेत केला होता. सुमारे ७४ हजार मते बाद झाल्याचा मुद्दाही त्यात होता. याचिका फेटाळली गेली. परंतु न्यायाधिकरणाचा निकाल काहीही असो, हजारोंच्या संख्येने मते बाद ठरू शकतील अशी पद्धत मुळात कोणी आणि का निवडली, हा प्रश्न त्या निकालाने मिटत नाही.

११/ कारण याच शहरात, याच माणसाने, पंधरा वर्षांपूर्वी निवडणूक जिंकली होती. १९३७, मुंबई प्रांतिक विधानसभा, भायखळा-परळ. स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार आंबेडकर, समोर काँग्रेसतर्फे नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी विजयी. तो मतदारसंघही बहुसदस्यच होता. पुणे करारानंतरची संयुक्त मतदारसंघांची व्यवस्थाही तीच होती. मग बदलले काय?

१२/ मत देण्याचा नियम बदलला. मुंबई प्रांतात तेव्हा संचयी मतदान होते. मतदाराला जितकी मते, तितकी सगळी तो एकाच उमेदवाराच्या पदरात टाकू शकत असे. अल्पसंख्य पण संघटित समूहाला आपला माणूस निवडून आणण्याचा तो मार्ग होता, आणि त्याचे मोल आंबेडकरांना पुरते ठाऊक होते. १९५१ च्या कायद्याने तो मार्ग बंद केला. १९३७ साली जे कृत्य हुशार मतदाराचे शस्त्र होते, तेच कृत्य १९५२ साली ‘बाद मत’ ठरले. अर्थात १९३७ चा मतदार हा मालमत्ता-शिक्षणाच्या चाळणीतून आलेला थोडा मतदार होता आणि १९५२ चा सार्वत्रिक. तुलना करताना हे विसरून चालणार नाही. तरीही नियमाचा प्रभाव त्याने पुसला जात नाही.

१३/ जाता जाता आणखी एका लाडक्या कथेचा समाचार. ‘जेसोर-खुलन्याने आंबेडकरांना संविधान सभेवर पाठवले, म्हणून तो प्रदेशच पाकिस्तानला देऊन टाकला.’ संविधान सभेचे प्रांतांतले सदस्य जनतेने नव्हे, प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी निवडले होते. आंबेडकर १९४६ साली बंगाल विधानसभेतून निवडून आले, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साह्याने. जेसोर-खुलना नावाचा त्यांचा कोणताही मतदारसंघ संविधान सभेसाठी नव्हता. फाळणीबरोबर अखंड बंगालचे प्रतिनिधित्वच संपले आणि तेथे नव्याने निवड झाली. आंबेडकर मग जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून आले. एक सीमारेषा माणसाचे सभासदत्व पुसू शकते हे यातून दिसते. त्यासाठी कपोलकल्पित सूडकथेची गरज नाही.

१४/ पुन्हा मुंबई. १९५७ पर्यंत मतदारसंघ नव्याने आखले गेले होते. संयुक्त महाराष्ट्राचे वादळ उठले होते आणि समितीत कम्युनिस्ट व फेडरेशन एकाच मांडवाखाली आले होते. मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून दोघे निवडून आले : कम्युनिस्ट पक्षाचे डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मते वाया घालवल्याचा आरोप होता, त्यांच्याच जोडीला फेडरेशनचा उमेदवार लोकसभेत गेला. दुसरे मत या वेळी पोहोचले. बाबासाहेब ते पाहायला नव्हते; ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

१५/ याच निवडणुकीत आंध्रातल्या पार्वतीपुरमला वेगळेच घडले. तोही द्विसदस्य मतदारसंघ, एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. निवडून आले दोन्ही आदिवासी उमेदवार. एक राखीव जागेवर, दुसरा खुल्या. थोडक्या मतांनी हरलेले गृहस्थ होते व्ही. व्ही. गिरी, पुढे जे राष्ट्रपती झाले. त्यांनी दाद मागितली. राखीव गटाच्या उमेदवाराला खुली जागा घेण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली बहुमताने सांगितले आणि गिरींचे अपील फेटाळले.

१६/ दोनच वर्षांत, १९६१ साली, द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा झाला. सांगितलेली कारणे खोटी नव्हती : मतदारसंघ अवाढव्य होते, प्रचाराचा खर्च न पेलणारा होता, एकाच प्रदेशाला दोन खासदार असल्याने जबाबदारी कोणाचीच नव्हती. अनेक दलित प्रतिनिधींनाही लहान, एकसदस्य मतदारसंघ हवेच होते. पण कायदा करण्याची घाई नेमकी केव्हा सुचली, याकडे डोळेझाक करायची असेल तर इतिहास वाचण्याचा खटाटोप कशाला? राखीव जागेवर दलित खासदार पडतो तेव्हा तो ‘जनतेचा कौल’. खुल्या जागेवर आदिवासी निवडून येतो तेव्हा तो ‘पद्धतीतला दोष’.

१७/ द्विसदस्य मतदारसंघ मधोमध कापले गेले. एक तुकडा राखीव, एक खुला. तेव्हापासून पक्षांनी खुला तुकडा सवर्ण व वजनदार मंडळींचा मानला. अपवाद घडले, आणि ते नोंदवायलाच हवेत. १९९८ साली प्रकाश आंबेडकर (अकोला), रा. सू. गवई (अमरावती), जोगेंद्र कवाडे (चिमूर) आणि रामदास आठवले (उत्तर-मध्य मुंबई) हे चौघे रिपब्लिकन नेते बिनराखीव मतदारसंघांतून जिंकले. काँग्रेसची युती या वेळी कागदावर राहिली नव्हती. १९५२ मध्ये जे मत पोहोचले नाही, ते पोहोचल्यावर काय होते याचा हा दुसरा दाखला.

१८/ यापुढची हकीकत मुंबईपेक्षाही बोचरी आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील लाखो बौद्ध केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडले. १९६२ साली विदर्भात राखीव जागेवरून निवडून आलेल्या डॉ. मेश्राम यांची निवड, ते बौद्ध झाले आहेत या कारणाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन रद्द झाली. जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण अर्थातच घटले. १९७१ मध्ये ते राज्यात सुमारे ६ टक्के होते. त्या आकड्यावर लोकसभेच्या ४८ पैकी ३ जागा राखीव झाल्या : बुलढाणा, पंढरपूर, उस्मानाबाद.

१९/ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेररचना गोठवली. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींत पुन्हा स्थान मिळाले. लोकसंख्येचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले. जागा मात्र तीनच. १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४ अशा पाच लोकसभा निवडणुका त्याच जुन्या आकड्यावर झाल्या. यात कोणी कट केला नाही, कोणी मतपेटी पळवली नाही. नकाशा फक्त बदलला नाही. मतदारसंघांची पुनर्रचना ही निव्वळ गणिताची बाब आहे असे ठासून सांगणाऱ्यांनी हे गणित सोडवून दाखवावे.

२०/ न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेवर नवा नकाशा केला आणि २००९ ची निवडणूक त्यावर झाली. राखीव जागा ३ वरून ५ : अमरावती, रामटेक, लातूर, सोलापूर, शिर्डी. जुन्या तिन्ही जागांचे आरक्षण गेले. पंढरपूर तर नकाशावरूनच पुसले गेले. मग उमेदवारांची पांगापांग. बुलढाण्याचे खासदार आनंदराव अडसूळ अमरावतीत गेले आणि जिंकले. बुलढाण्यातूनच पूर्वी निवडून आलेले मुकुल वासनिक रामटेकला गेले आणि जिंकले. पंढरपूरचे खासदार आठवले शिर्डीला गेले.

२१/ राखीव जागेच्या प्रतिनिधीला पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला ‘बालेकिल्ला’ का नसतो, हे एवढ्या तीन प्रवासांत दिसते. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था यांच्या बळावर खुल्या मतदारसंघातील घराणी रेषा सरकली तरी शेजारच्या तालुक्यात पाय रोवतात. राखीव जागेचा उमेदवार जागा हलली की जिल्हा सोडतो, आणि नव्या ठिकाणी त्याच्यासाठी दुसऱ्याचे मत मागायला पुन्हा कोणा स्थानिक पुढाऱ्याच्या दारी उभा राहतो. शिर्डीत २००९ साली काँग्रेस आघाडीचा पाठिंबा असताना आठवले शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांच्याकडून पराभूत झाले.