बुकिंग कन्फर्म, पण मेल स्पॅममध्ये! दोष कोणाचा?

पावसाळ्यात लोणावळ्यात बंगला बुक केला, पैसे गेले, पण कन्फर्मेशनचा मेल काही येत नाही. मग मालकाला फोन: "दादा, मेल आलाच नाही!" मालक म्हणतो, पाठवलाय. बऱ्याचदा दोघेही खरंच बोलत असतात. मेल स्पॅममध्ये पडलेला असतो.

यामागे एक मोठा बदल आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक-हॉटमेलसाठी तसंच केलं. नोव्हेंबर २०२५ पासून गुगलने अंमलबजावणी आणखी वाढवली. आता नियम न पाळणारा मेल थेट परतही जाऊ शकतो, म्हणजे स्पॅममध्येही दिसणार नाही.

नियमांचा गाभा एकच: तू कोण आहेस ते सिद्ध कर.

एसपीएफ म्हणजे डोमेनने जाहीर केलेली यादी: माझ्या नावाचे मेल या सर्व्हरवरूनच निघतात. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि ही ओळख पटली नाही तर मेलचं काय करायचं, ही सूचना म्हणजे डीमार्क. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

आता आपल्या मावळात काय होतं बघा. पवना धरणाजवळ कॅम्पसाइट चालवणाऱ्या माझ्या एका मित्राची वेबसाइट मी तपासली. मेल निघत होता स्वस्त होस्टिंगच्या सर्व्हरवरून, पण पाठवणाऱ्याच्या जागी त्याचा जीमेल पत्ता. भामटेही नेमकं हेच करतात! फिल्टरला संशय येणारच. उपाय सोपा होता: मेल स्वतःच्या डोमेनवरून पाठवायचा आणि डीएनएस सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी टाकायच्या. नोंदींना वेगळा खर्च आला नाही.

बुकिंगचं एक वेळ फोनवर निभावतं. पण तळेगाव एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीचा इंटरव्ह्यू कॉल असाच अडकला तर? जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे डिलीट करतं.

म्हणून तुम्ही एवढं करा:

१. कुठे अर्ज किंवा बुकिंग केलं असेल तर स्पॅम फोल्डर रोज बघा.
२. खरा मेल सापडला की 'नॉट स्पॅम' दाबा आणि पत्ता कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा.
३. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तो मेल उघडून तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कपुढे 'पास' आहे की 'फेल' ते दिसेल. फेल असेल तर स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला द्या.

एक सावधगिरी: 'पास' म्हणजे मेल त्याच डोमेनवरून आलाय, इतकंच. डोमेनच भामट्याचं असू शकतं. त्यामुळे ॲडव्हान्स मागणारा मेल असेल तर आधी फोन करून खात्री करा.

माझ्या मते नियम योग्यच आहेत, पण त्यांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. बँका आणि मोठ्या बुकिंग ॲप्सकडे यासाठी अख्खी टीम असते. होमस्टेवाल्या काकांकडे नसते. त्यांच्या घरात 'कॉम्प्युटरमधलं कळतं' असे तुम्हीच असाल, तर या रविवारी त्यांच्या डोमेनची सेटिंग्ज एकदा उघडून बघाच.