रिचार्ज संपला की हक्कही संपतो का?

गेल्या पावसाळ्यात स्वारगेटजवळच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील मार्केट यार्डात हमाली करतात. म्हणाली, "ताई, माझा स्कॉलरशिपचा फॉर्म परत आलाय."

महाडीबीटीचा अर्ज तिने एका सायबर कॅफेतून भरला होता. कॅफेवाल्याने घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. अर्जात त्रुटी निघाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर गेला. हिला कळले तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. घरात एकच स्मार्टफोन. तो भावाकडे, कारण तो डिलिव्हरीचे काम करतो. आईच्या साध्या फोनचा रिचार्ज संपलेला, म्हणजे ओटीपी मागवायचीही सोय नाही. शेवटच्या रात्री साडेअकराला आम्ही तो अर्ज पूर्ण केला.

त्या मुलीचे काम झाले. पण असे किती अर्ज मुकाट्याने बाद होत असतील? आणि आपण त्याला "पोरांचा निष्काळजीपणा" म्हणून मोकळे होतो.

वस्तीत इंटरनेट नाही असे म्हटले की लोक हसतात. "अहो, पोरं रात्रभर रील बघतात की!" बघतात, खरे आहे. पण रील बघता येणे आणि जात पडताळणीची कागदपत्रे स्कॅन करून, योग्य आकाराची पीडीएफ बनवून अपलोड करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी अंगठा पुरतो. दुसरीसाठी मोठा स्क्रीन, टिकणारे नेटवर्क, बसायला जागा आणि शिकवणारे माणूस लागते. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी भारतात संगणक असलेली घरे 23 टक्क्यांच्या आसपास होती. दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये हे प्रमाण काय असेल, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

आता सरकारी धोरण बघा. 2017 मध्ये केंद्राने डिजिटल साक्षरतेची मोठी योजना आणली, प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एकाला शिकवायचे, असे उद्दिष्ट होते. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची. दोन्ही गरजेच्याच होत्या, गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांना त्या मिळायलाच हव्यात. पण शहरातल्या वस्तीचे काय? ती ग्रामीण नाही म्हणून योजनेत बसत नाही, आणि पैसे नाहीत म्हणून बाजारात बसत नाही. शहरात टॉवर आहे म्हणजे सोय आहे, असे गृहीत धरले गेले.

बाजाराचा हिशोबही करू. जुलै 2024 मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. एका कंपनीचा रोज दीड जीबीचा 239 रुपयांचा रिचार्ज 299 वर गेला. तो महिन्याचा नसून 28 दिवसांचा असतो, म्हणून वर्षाला तेरा वेळा मारावा लागतो. एका फोनचे झाले 3,887 रुपये. घरात दोन फोन असतील तर पावणेआठ हजार. महिनाअखेरीला गॅस की रिचार्ज असा प्रश्न येतो तेव्हा सर्वांत आधी मुलीचा फोन बंद पडतो. हेही आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. घरातला फोन आधी कोणाच्या हातात जातो, हा प्रश्न आपल्याही घरातल्या पुरुषसत्तेचा आहे.

स्वारगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, गंज पेठेत फुलेवाडा आहे. 1868 मध्ये जोतीरावांनी तिथला घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. हौद आणि रात्रशाळा, साधन आणि कौशल्य, दोन्ही एकत्र. महाड तर आपल्याला पाठच आहे. चवदार तळे नगरपालिकेने 1924 मध्येच ठरावाने खुले केले होते. तरीही 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथे जावे लागले. कारण कागदावर खुले असणे आणि ओंजळीत पाणी येणे यात अंतर असते. इंटरनेट आणि अस्पृश्यता यांची सरसकट तुलना मी करत नाही. पण "पोर्टल सर्वांसाठी खुले आहे" हे वाक्य ऐकले की मला तो 1924 चा ठराव आठवतो.

कायदा आज आपल्या बाजूने बोलू लागला आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते, त्यांचा हा लढा होता. केरळने 2023 मध्ये के-फोन सुरू करताना वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पुण्यात मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली, मग वस्तीच्या समाजमंदिरापर्यंत एक वायर का येऊ नये?

आपल्या हातातही साधन आहे. डिसेंबर 2020 पासून पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानसुद्धा सार्वजनिक वायफाय देऊ शकते. परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क लागत नाही. जून 2025 मध्ये ट्रायने अशा केंद्रांसाठी 200 एमबीपीएसपर्यंतच्या ब्रॉडबँडच्या दरावर मर्यादा घातली, घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. मग हे केंद्र विहारात का नको?

माझा आग्रह एवढाच आहे. प्रत्येक वस्तीतले विहार किंवा समाजमंदिर संध्याकाळी सहा ते दहा डिजिटल अभ्यासिका व्हावे. एक ब्रॉडबँड जोडणी, तीन-चार जुने दुरुस्त केलेले संगणक, एक स्कॅनर. आठवड्यातले दोन दिवस फक्त मुली आणि महिलांसाठी. शिकवायचे काय? स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा पासवर्ड, मराठी टायपिंग, डिजीलॉकर, ऑनलाइन माहिती अधिकार अर्ज, आणि लोन ॲप व ओटीपीच्या फसवणुकीपासून बचाव. शिकवायला आपलेच इंजिनिअर झालेले, आयटीत लागलेले तरुण. वस्तीतून बाहेर पडून सोसायटीत राहायला गेलेल्या माझ्या भावाबहिणींनो, महिन्यातल्या दोन संध्याकाळी द्या.

"हे सरकारचे काम आहे, आपण का करायचे?" असे काही कार्यकर्ते म्हणतील. सरकारचेच आहे. म्हणून संगणकांसाठी प्रभागाचा निधी मागायचा, वीजबिल पालिकेने भरावे म्हणून निवेदने द्यायची, नाही दिले तर धरणे धरायचे. पण मागणी मान्य होईपर्यंत यंदाच्या मुलांचे वर्ष थांबणार नाही. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जेवढे उधळतो, तेवढ्यात अशी अभ्यासिका किती महिने चालेल याचा हिशोब आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत वहीवर मांडा. वर्गणी गोळा करण्याआधी मांडा.

त्या मुलीने यंदाचा अर्ज स्वतः भरला, स्वतःच्या नंबरवरून. पासवर्ड मी विचारला नाही, तिनेही सांगितला नाही. हेच हवे होते.

जय भीम!