छोटी गाडी, मोठा हिशेब

अब्बांनी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग घडवले. स्वतःची गाडी मात्र कधी झाली नाही. एका स्कूटरवर आम्ही चौघे फिरायचो. गेल्या महिन्यात मी पहिली गाडी घेतली. नवी, पण छोटी.

‘इंजिनिअर असून एवढीशीच?’ नातेवाइकांनी विचारलं. ऑफिसातले मित्र म्हणाले, कर्ज काढ, एसयूव्ही घे. मी हिशेब मांडला. १० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, ७ वर्षं: महिन्याला सुमारे १६,१०० रुपये हप्ता आणि नुसतं व्याज साडेतीन लाख. व्याजाबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. चार वर्षं पैसे साठवले, रोख गाडी घेतली. त्या हप्त्याइतक्या पैशांत आज बहिणीचं शिक्षण चालू आहे.

स्कूटरवरच्या कुटुंबांसाठीच २००९ मध्ये नॅनो बाजारात आली होती. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच तिला नडला. स्वस्त वस्तूची लाज वाटणं ही आपली जुनी खोड आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि वर उपकर होता. तरी बजेट शोरूमच्या किमतीवर ठरवू नका. रस्ता कर आणि विमा धरून ठरवा.

मित्रांनो, गाडी गरजेसाठी घ्या, मोहल्ल्याला दाखवण्यासाठी नको. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मोठी गाडीही तिथेच अडकते. माझ्या शेजारच्या सीटवर अब्बा असतात, आणि डोक्यावर हप्ता नसतो.